अणुभट्टीची नाडी

कुंभार आवा रचतो. कच्ची मडकी एकावर एक मांडून, त्यांवर गोवऱ्या, काटक्या व पालापाचोळा घालून तो वरून मातीने लिंपून घेतो आणि मग विस्तव लावतो. आत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. तरीही धुराचा रंग, भेगांतून डोकावणारी लाली आणि अंगाला जाणवणारी धग ह्यांवरून मडकी कितपत भाजली हे तो अचूक ओळखतो. मध्येच आवा उघडून पाहणे त्याला परवडत नाही.

अणुभट्टी चालवणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही हाच प्रश्न असतो. मात्र तो कितीतरी पटींनी बिकट असतो. अणुभट्टीतील इंधन धातूच्या नळ्यांत बंद केलेले असते. त्याभोवती पाणी, पाण्याभोवती पोलादाची टाकी आणि टाकीभोवती काँक्रीटची जाड भिंत असते. तेथे धूर नाही, ज्वाला नाही, आवाज नाही. चालू भट्टीतील उघड्या इंधनाजवळ जाणारा मनुष्य जगू शकणार नाही, इतका प्रखर किरणोत्सर्ग त्यातून बाहेर पडत असतो. मग इंधन मंद जळत आहे की भडकले आहे, हे कसे समजावे? गंमत अशी की, जो किरणोत्सर्ग माणसाला इंधनाजवळ जाऊ देत नाही, तोच इंधनाची बातमी बाहेर घेऊन येतो. ती बातमी वाचण्याची विद्या मात्र माणसाला हळूहळू, आणि कधी कधी फार मोठी किंमत देऊन, शिकावी लागली.

ह्या इंधनाचे जळणे लाकडाच्या जळण्यासारखे नव्हे. युरेनियमचे २३५ वजनाचे जे अणू असतात, त्यांतील एखाद्याच्या केंद्रात न्यूट्रॉन नावाचा सूक्ष्म कण शिरला की ते केंद्र फुटते. त्याची दोन शकले होतात, उष्णता निर्माण होते, गॅमा किरण सुटतात आणि शिवाय दोन किंवा तीन नवे न्यूट्रॉन बाहेर फेकले जातात. ह्या नव्या न्यूट्रॉनांपैकी सरासरी एकाने पुढचे एक केंद्र फोडले, तर क्रिया एकसारखी चालू राहते. एकाहून कमी केंद्रे फुटली, तर ती विझते. अधिक फुटली, तर ती वाढत जाते. म्हणून वैद्य मनगटावर बोटे ठेवून नाडीचे ठोके मोजतो, तसे शास्त्रज्ञ न्यूट्रॉन मोजतात.

परंतु न्यूट्रॉन मोजणे सोपे नाही. त्यावर विद्युत्भार नसल्यामुळे कोणत्याही विद्युत्‌यंत्राला त्याची चाहूल लागत नाही. रात्री अनवाणी चालणाऱ्या माणसाची पावले ऐकू येत नसतील, तर वाटेवर वाळलेली पाने पसरून ठेवावी. मग प्रत्येक पावलाचा आवाज होतो. शास्त्रज्ञांनी असेच केले. बोरॉन हे मूलद्रव्य त्यांची वाळलेली पाने झाली. बोरॉनच्या केंद्रात न्यूट्रॉन शिरला की त्यातून विद्युत्भारित कण वेगाने उसळतात. बोरॉनयुक्त वायू एका नळीत भरून तिच्यात विजेचा दाब ठेवला, तर अशा प्रत्येक घटनेबरोबर विजेचे एक स्पंदन निर्माण होते आणि ध्वनिवर्धकातून टक् असा आवाज उमटतो.

असे मापक घेऊन जगातील पहिली अणुभट्टी उभी राहिली ती १९४२ साली, अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणात, प्रेक्षकांच्या सज्जाखाली. एन्रिको फर्मी हे इटलीहून आलेले शास्त्रज्ञ ह्या कामाचे प्रमुख होते. ग्रॅफाइटच्या विटा व त्यांत बसवलेले युरेनियम ह्यांचे थरावर थर रचले जात होते. ग्रॅफाइटमुळे न्यूट्रॉनांचा वेग मंदावतो आणि मंद न्यूट्रॉन युरेनियम अधिक चांगले फोडतात. न्यूट्रॉन गिळून टाकणाऱ्या कॅडमियम धातूच्या पट्ट्या ह्या ढिगात खुपसून ठेवल्या होत्या. त्या आत असेपर्यंत भट्टी पेटू शकत नव्हती. मापक तयार करण्याच्या कामात लिओना वुड्स ही अवघी तेवीस वर्षांची शास्त्रज्ञ होती. तेथे जमलेल्या मंडळींत ती एकटीच स्त्री होती.

किती थर रचले म्हणजे भट्टी पेटेल, हे फर्मी अंदाजाने सांगत नव्हते. ते मोजत होते. युरेनियमातून थोडे न्यूट्रॉन आपोआप सुटत असतातच. ढीग वाढतो तशी त्यांची संख्याही वाढत जाते. समजा, आरंभी मिनिटाला १०० ठोके पडत होते, काही थरांनंतर २०० पडले आणि आणखी काही थरांनंतर ४००. आता हे आकडे उलटे करून पाहा. पहिल्या मोजणीला १ मानले, तर दुसरी १/२ आणि तिसरी १/४ होते. हे अपूर्णांक आलेखावर मांडले की एक उतरती रेषा मिळते. ती रेषा पुढे वाढवली, तर ज्या थराशी ती शून्याला टेकते, त्या थराशी भट्टी पेटणार! कोठेही काही न पेटवता, केवळ कागदावर, पेटण्याचा क्षण आधीच सापडतो. अणुभट्टीत इंधन प्रथम भरताना आजही शास्त्रज्ञ हाच आलेख काढतात.

१ डिसेंबरच्या रात्री ५७ वा थर पूर्ण झाला. त्या वेळी हर्बर्ट अँडरसन हे फर्मींचे तरुण सहकारी कामावर होते. त्यांनी न्यूट्रॉन मोजले. भट्टी तयार होती. पट्ट्या बाहेर ओढल्या असत्या, तर त्याच रात्री ती पेटली असती आणि पहिलेपणाचा मान अँडरसन ह्यांना मिळाला असता. मोह मोठा होता; परंतु फर्मींना त्यांनी शब्द दिला होता. पट्ट्या कुलूपबंद करून ते निजावयास गेले.

दुसऱ्या दिवशी, २ डिसेंबर रोजी, सुमारे पन्नास माणसे त्या थंडगार सज्जाखाली गोळा झाली. फर्मींच्या सूचनेप्रमाणे शेवटचा दांडा थोडा थोडा बाहेर ओढला जाऊ लागला. दर वेळी टक् टक् आवाज वाढे, काही वेळाने स्थिरावे, आणि फर्मी आपल्या गणितपट्टीवर हिशेब करून मान हलवीत. इतक्यात धाडकन आवाज झाला. संकटाच्या वेळी आपोआप आत पडणारा सुरक्षा-दांडा खाली आला होता. घाबरण्याचे कारण नव्हते. त्याला जोडलेल्या मापकाची मर्यादा चुकून फार कमी ठेवली गेली होती, इतकेच. साडेअकरा वाजून गेले होते. फर्मींनी सर्वांना जेवणाची सुट्टी देऊन टाकली! जगाच्या इतिहासातील एवढा मोठा प्रयोग अर्ध्यावर ठेवून शांतपणे जेवावयास जाणे, हे ज्याचा आपल्या मोजणीवर पूर्ण विश्वास आहे त्यालाच साधते.

दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी दांडा आणखी सुमारे एक फूट बाहेर आला. आता ठोके एकमेकांत मिसळून गेले. कानांनी मोजणे अशक्य झाले. तेव्हा कागदावर रेघ ओढणाऱ्या लेखणीकडे सर्वांचे डोळे लागले. ती लेखणी वर चढू लागली आणि ह्या वेळी ती स्थिरावली नाही. साखळी स्वतःच्या बळावर चालू झाली होती. २८ मिनिटांनी फर्मींनी भट्टी बंद करविली. तिची शक्ती होती अवघी अर्धा वॉट. तेवढ्यावर विजेरीचा लहानसा दिवाही धड लागला नसता.

ती लेखणी सावकाश चढली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. केंद्र फुटताना जे न्यूट्रॉन सुटतात, ते जवळजवळ सर्व तत्क्षणी सुटतात. परंतु हजारांत सहा-सात न्यूट्रॉन मागे रेंगाळतात. फुटलेल्या शकलांतून ते काही सेकंदांनी, तर कधी मिनिटभराने बाहेर येतात. ह्या मोजक्या रेंगाळणाऱ्या न्यूट्रॉनांमुळेच माणसाला दांडे मागेपुढे करण्यास अवसर मिळतो. ते नसते, तर डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी भट्टी हाताबाहेर गेली असती. हेच न्यूट्रॉन आणखी एका कामी उपयोगी पडतात. ते पुढे येईलच.

दोन वर्षांनी, १९४४ च्या सप्टेंबरमध्ये, अमेरिकेतील हॅनफर्ड येथे कोलंबिया नदीच्या काठी एक प्रचंड भट्टी सुरू झाली. युद्धाचे दिवस होते. अणुबाँबसाठी लागणारे प्लुटोनियम निर्माण करणे हा तिचा हेतू होता, आणि पुढे हॅनफर्डच्या भट्ट्यांतील प्लुटोनियम नागासाकी शहरावर टाकलेल्या बाँबमध्ये वापरलेही गेले. ही भट्टी २७ सप्टेंबरच्या पहाटेपूर्वी ९ मेगावॉट शक्तीपर्यंत पोहोचली. सर्व ठीक दिसत होते. मग, कोणी काही केले नसताना, मापकांचे काटे खाली येऊ लागले. दांडे आणखी बाहेर काढले, तरी काटे उतरतच राहिले. सायंकाळपर्यंत भट्टी पूर्ण विझली. कोठे पाणी झिरपले की काय, म्हणून शोध झाला. काही सापडले नाही. दुसऱ्या दिवशी पाहतात तो भट्टी आपोआप पुन्हा जिवंत होऊ लागली होती!

जॉन व्हीलर ह्या शास्त्रज्ञाने काट्यांच्या ह्याच चढउतारांचा अभ्यास केला. विझण्यास आणि सावरण्यास लागलेले तास त्याने मोजले आणि त्यावरून चोर शोधून काढला. युरेनियम फुटल्यावर जी शकले उरतात, त्यांपासून एक प्रकारचे आयोडीन तयार होते. त्याचे अर्धे अणू सुमारे साडेसहा तासांत बदलून झेनॉन १३५ हा वायू होतो. हा झेनॉन न्यूट्रॉनांचा इतका भुकेलेला असतो की, त्यापुढे युरेनियमची भूक काहीच नव्हे. ती त्याच्या हजारो पट कमी आहे. इंधनात साचलेला झेनॉन सारे न्यूट्रॉन गिळत होता. भट्टी विझल्यावर तो हळूहळू नाहीसा होई, कारण नऊएक तासांत त्याचेही अर्धे अणू बदलून जातात. आणि मग भट्टी पुन्हा जागी होई. इंधनाच्या पोटात घडणारी ही सारी गोष्ट कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. तीनच गोष्टी हाती होत्या: काटा, घड्याळ आणि विचार. सुदैवाने भट्टी बांधणाऱ्या अभियंत्यांनी १५०० नळ्यांची गरज असता २००४ नळ्यांची सोय करून ठेवली होती. जास्तीच्या नळ्यांत इंधन भरून झेनॉनवर मात करण्यात आली.

आजच्या भट्टीत मापकांचे अनेक प्रकार असतात. भट्टी नुकती सुरू होताना जितके न्यूट्रॉन असतात, त्यांच्या अब्जावधी पट न्यूट्रॉन ती पूर्ण शक्तीवर आली म्हणजे असतात. गुंजभर सोने तोलणारा सोनाराचा काटा आणि साखर कारखान्याच्या दारात उसाची गाडी तोलणारा काटा एक असू शकत नाही. त्याचप्रमाणे येथेही एका मापकाने भागत नाही. आरंभी एक एक ठोका मोजतात. पुढे ठोके मोजता येईनासे झाले की त्यांच्यापासून होणारा विजेचा प्रवाह मोजतात. गॅमा किरणांमुळेही मापकात स्पंदने उमटतात. पण ती लहान असल्यामुळे वेगळी काढता येतात.

भट्टी मोठी असेल, तर एका कोपऱ्यात इंधन अधिक तापण्याचा आणि दुसरीकडे थंड राहण्याचा संभव असतो. बाहेरच्या मापकांना हा भेद कळत नाही. म्हणून आपल्या महाराष्ट्रातील तारापूर येथे, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या ज्या दोन भट्ट्या आहेत, त्यांत थेट इंधनाच्या नळ्यांमध्येच बारीक तारेसारखे मापक उतरवलेले असतात. ह्या मापकांना बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. व्हॅनेडियम धातूची तार न्यूट्रॉन शोषून घेते, स्वतः किरणोत्सर्गी बनते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन निघून जाऊ लागतात. हे इलेक्ट्रॉन म्हणजेच विजेचा प्रवाह. व्हॅनेडियम खरे बोलते, पण सावकाश बोलते. बदल पूर्णपणे सांगण्यास त्याला काही मिनिटे लागतात. कोबाल्टची तार क्षणात सांगते. परंतु वर्षे लोटतात तसतसा तिच्यात स्वतःचाच किरणोत्सर्ग साचत जातो. म्हणून दोन्ही वापरतात. सावकाश बोलणाऱ्याकडून भट्टीचा नकाशा काढून घ्यावयाचा आणि चटकन बोलणाऱ्याला पहाऱ्यावर ठेवावयाचे.

आता एक वेगळीच अडचण पाहा. इंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्यांत असते. युरेनियमची किरणोत्सर्गी शकले ह्याच नळ्यांत कोंडलेली राहतात. एखाद्या नळीला केसाएवढी चीर पडली, तर ती शकले पाण्यात उतरतात. अनेक भारतीय भट्ट्यांत अशा ३०६ आडव्या वाहिन्या असतात आणि प्रत्येकीत इंधनाच्या १२ जुड्या एकापुढे एक ठेवलेल्या असतात. एकूण साडेतीन हजारांहून अधिक जुड्यांतील चीर पडलेली जुडी शोधावयाची, आणि तीही भट्टी चालू असताना!

प्रथम भट्टीतून फिरणारे पाणी तपासतात. त्यात आयोडीन १३१ चे प्रमाण वाढले की कोठेतरी गळती आहे, एवढे समजते. पण कोठे, ते समजत नाही. येथे ते रेंगाळणारे न्यूट्रॉन मदतीस येतात. चिरेतून बाहेर पडलेल्या शकलांत काही प्रकारचे ब्रोमीन व आयोडीन असते आणि त्यांच्यातून उशिराने न्यूट्रॉन सुटतात. प्रत्येक वाहिनीतून बाहेर येणाऱ्या पाण्याचा थोडासा प्रवाह वेगळ्या बारीक नळीने मापकांपर्यंत आणतात. भट्टीतून जाताना पाणी स्वतःही क्षणभर किरणोत्सर्गी झालेले असते. तो किरणोत्सर्ग ओसरावा म्हणून पाण्याला वाटेत थोडा वेळ लागू देतात आणि मग न्यूट्रॉन मोजतात. ज्या वाहिनीच्या पाण्यात ते अधिक भरतात, तिच्यात गळकी जुडी आहे असे ठरते. मग भट्टी न थांबवता यंत्राच्या साहाय्याने ती जुडी बाहेर काढली जाते.

मापक खरे बोलतो. पण त्याचे बोलणे समजून घेणारा माणूस चुकू शकतो. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील भट्टीत एक झडप उघडीच राहिली आणि इंधनावरचे पाणी निघून जाऊ लागले. भट्टी तर आधीच बंद केलेली होती. तरी बाहेर बसवलेल्या न्यूट्रॉन-मापकाचा आकडा वाढू लागला. भट्टी पुन्हा पेटते की काय, अशी शंका तेथील कर्मचाऱ्यांना आली. खरे कारण निराळेच होते. इंधन आणि मापक ह्यांच्यामधील पाणी न्यूट्रॉनांना अडवीत असते. ते पाणी वाफेच्या बुडबुड्यांनी विरळ झाले, म्हणून अधिक न्यूट्रॉन मापकापर्यंत पोहोचत होते. ‘पाणी कमी होत आहे’ असे मापक सांगत होता. पण त्या खोलीत ती भाषा कोणाला उमगली नाही. आतील तापमान सांगणाऱ्या काही उपकरणांचे आकडे तर इतके मोठे होते की, ते बिघडलेले असावेत असे समजण्यात आले. त्या दिवशी भट्टीतील सुमारे निम्मे इंधन वितळले.

चेर्नोबिलची घटना ह्याहून भयंकर. हे ठिकाण आज युक्रेन देशात आहे. तेव्हा ते सोव्हिएत संघात होते. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री तेथील भट्टीची शक्ती फार खाली घसरली आणि इंधनात झेनॉन साचू लागला. हॅनफर्डला ज्याने भट्टी विझवली होती, तोच हा झेनॉन. शक्ती वर आणण्याकरिता बहुतेक दांडे बाहेर ओढून घेतले गेले. भट्टीच्या रचनेतही गंभीर दोष होते. काही वेळाने ती फुटली. स्फोटानंतर कर्मचाऱ्यांच्या हाती जे मापक होते, त्यांपैकी बहुतेकांची मर्यादा सेकंदाला १००० मायक्रोरोंटगेन इतकीच होती. काटा ह्या मर्यादेला जाऊन टेकला. ‘ह्याच्या पुढे मला मोजता येत नाही’, एवढाच त्याचा अर्थ होता. पण तेवढाच किरणोत्सर्ग आहे असे धरून वरिष्ठांना कळवण्यात आले. खरा किरणोत्सर्ग काही ठिकाणी त्याच्या हजारो पट होता. आग विझवणारे जवान त्यात वावरत होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांना पुढील काही आठवड्यांत मृत्यू आला.

इंधनाचा किरणोत्सर्ग साध्या डोळ्यांना दिसतो असा एक प्रसंग मात्र आहे, आणि तो फार सुंदर आहे. मुंबईतील ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. डॉ. होमी भाभा ह्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञांनी ती उभारली होती. इंधन ब्रिटनमधून आले होते. ही भट्टी म्हणजे पाण्याने भरलेला सुमारे ८ मीटर खोल हौद होता आणि त्यात इंधनाच्या पट्ट्या वरून टांगलेल्या होत्या. पाण्याच्या जाड थरामुळे काठावर उभे राहून खाली पाहता येत असे. भट्टी चालू असताना इंधनाभोवती गूढ निळा प्रकाश पसरे. तो पाहून पंडित नेहरूंनी तिला ‘अप्सरा’ हे नाव दिले. २००९ साली ती थांबवण्यात आली आणि २०१८ साली त्याच ठिकाणी तिची सुधारलेली आवृत्ती सुरू झाली.

पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होऊन निर्वातातील वेगाच्या सुमारे तीनचतुर्थांश होतो. गॅमा किरणांच्या धक्क्याने उडालेले इलेक्ट्रॉन पाण्यातून ह्याहूनही वेगाने धावतात. वेगवान नावेच्या मागे पाण्यात जशी लाट उठते, तशी त्यांच्यामागे प्रकाशाची लाट उठते. रशियन शास्त्रज्ञ चेरेंकोव ह्यांनी १९३४ साली ह्या प्रकाशाचा शोध लावला. म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

हा प्रकाश नुसता शोभेचा नाही. वापरलेले इंधन भट्टीतून काढल्यावर कित्येक वर्षे पाण्याच्या हौदात ठेवावे लागते. त्यातील एखादी जुडी कोणी पळवून तिच्या जागी खोटी ठेवली नाही ना, हे पाहण्याचे काम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांकडे असते. ते हौदाच्या काठावर एक खास दुर्बीण घेऊन उभे राहतात. खोलीतील दिवे चालू असले, तरी ह्या दुर्बिणीतून तो मंद उजेड टिपता येतो. खऱ्या जुडीतील नळ्यांमधील पाणी उजळलेले दिसते. खोटी जुडी काळोखी राहते. वर्षे जातात तसा खऱ्या इंधनाचा उजेडही फिका पडत जातो, आणि किती फिका पडला ह्यावरून ते भट्टीतून बाहेर येऊन किती काळ लोटला असावा, ह्याचा पडताळा निरीक्षकांना घेता येतो.